साडूंची उरलेली हाक

हाक मारली की माणूस वळून बघतो, एवढंच तुम्हा-आम्हाला हाकेविषयी ठाऊक असतं. हाकेला वय असतं, भूक असते, आणि तोंडातून निघाल्यावर ती वाऱ्यात किती वेळ जिवंत राहते हेसुद्धा सांगता येतं, असं छातीठोकपणे म्हणणारा माणूस मी उभ्या बुलढाणा जिल्ह्यात एकच पाहिला. तो माझा साडू आहे. साडू हे नातं आपल्याकडे फारसं प्रेमाचं समजत नाहीत. एकाच सासऱ्याच्या दोन जावयांनी एकमेकांच्या ताटातल्या पुरणपोळ्यांवर डोळा ठेवायचा, हाच रिवाज. मीही सुरुवातीची पाच-सात वर्षं तो इमानेइतबारे पाळला. पुढे पुढे मात्र असं व्हायला लागलं की माझ्या ताटात काय पडतंय याचं मला भान राहायचं नाही, आणि हे गृहस्थ कानाशी पापड धरून काय ऐकताहेत तेच मी बघत बसायचो. एवढा मोठा माणूस आपल्या नात्यात पडला याचा मला आधी राग आला, मग हेवा वाटला, आणि आता नुसता अचंबा उरला आहे.

साडू सातपुड्याच्या पायथ्याशी एका लहान गावात राहतात. माझं संग्रामपूरला मोटारपंप रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार काढायची, नवी भरायची, हा माझा धंदा. साडू ग्रामपंचायतीत आहेत, म्हणजे गावाच्या नळाला पाणी सोडतात. सकाळी हातात लोखंडी चावी घेऊन गल्लोगल्लीचे वॉल्व्ह फिरवणं ही त्यांची नोकरी. या कामात कविता कुठून आली, असं कुणीही विचारील. पण नळाला पाणी येण्याआधी हवा येते आणि ती प्रत्येक घरच्या तोटीतून वेगळ्या सुरात निघते, हे गावात फक्त साडूंच्या लक्षात आलं. ते वॉल्व्ह जेमतेम पाव फेरा उघडायचे आणि खड्ड्यात डोकं घालून ऐकत बसायचे. इकडे बायका गुंड-बकेटा, म्हणजे हंडे-बादल्या घेऊन ताटकळलेल्या. एक काकू जाब विचारायला गेल्या, तर साडू खड्ड्यातूनच म्हणाले, "पानी येऊनच राह्यलं, काकू. आता तुमच्या घरापाशी गाऊन राह्यलं. दोन मिनिटं आयकू द्या." काकूंनी रिकामा गुंड त्यांच्या पाठीत घातला. साडूंना त्या गुंडाचाही आवाज आवडला आणि पुढे त्यांनी तो एका कवितेत वापरला.

गावाने त्यांचं नाव ठेवलं कवी. कौतुकाने नव्हे. आमच्याकडे एखाद्याला कवी म्हणणं म्हणजे त्याचा एखादा नट ढिला आहे, हे जरा सभ्यपणे सांगणं. "ए कवी, ऊन लागलं का बे?" असं पारावरून कुणीतरी रोज विचारायचं आणि साडू रोज हसायचे. त्यांची बायको, म्हणजे माझी मेहुणी, मात्र हसायची नाही. तिचं दीड एकर वावर आहे, त्यात ती वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवते आणि बाजारात स्वतः बसून विकते. कवी हा शब्द कुणी तिच्या उंबऱ्याच्या आत काढला, तर त्याच्या हातातला चहाचा कप ती उचलून परत नेते. एकदा बाजारात एका गिऱ्हाइकाने 'कवीची बायको' म्हटलं, तर त्याच्या पिशवीत टाकलेली वांगी तिने एकेक करून काढून घेतली. "मले नाव आहे," ती म्हणाली, "अन् त्याइलेही नाव आहे." तो माणूस पुढे वर्षभर दुसऱ्या बाजूने बाजारात शिरत असे.

साडूंच्या कारकिर्दीचे तीन कालखंड पडतात, असं मला पुण्याच्या एका विद्वानाने सांगितलं. आधी अक्षर, मग आवाज, मग चित्र. मला विचाराल तर तीन कालखंड असे: आधी भिंती खराब करण्याचा, मग माणसांना गप्प करण्याचा, आणि शेवटी गावात मोजणी आणण्याचा.

भिंतींचं असं झालं की साडूंना कागदावर लिहिलेली कविता पुरेना. कागद वाचणारा बसलेला असतो, म्हणाले, मला चालणारा पाहिजे. म्हणून त्यांनी शिवारातल्या विहिरींवरच्या मोटारघरांच्या भिंतींवर गेरूने लिहायला सुरुवात केली, एका भिंतीवर एक ओळ. पूर्ण कविता वाचायची तर सात विहिरी फिरायला हव्यात. एवढं कोण फिरतो? फिरलो तो मी, कारण माझ्यामागे मोटारी होत्या. आधी पाचव्या विहिरीची जळाली, मग दुसरीची, मग पहिलीची. मी पान्हे घेऊन गेलो की समोर एक ओळ असायचीच. उन्हाळा संपताना मी त्यांना चिडवायला म्हणालो, "तुमची कविता उलटसुलट वाचली, अशीच बरी लागते." साडूंनी हातातली चावी खाली ठेवली आणि मला मिठी मारली. "साडूभाऊ, तुमी वाचली? सारी?" मी म्हटलं, एक भिंत राहिली, सातव्या विहिरीची मोटार अजून धडधाकट आहे. ते गंभीरपणे म्हणाले, "मंग देवाले सांगून पाह्यतो." पुढच्याच महिन्यात ती जळाली. विहिरीच्या मालकाचा आम्हा दोघांवर अजून संशय आहे. मी धावत गेलो, तर सातव्या भिंतीवर एकही अक्षर नव्हतं, फक्त गेरूचा पंजा उमटवलेला. लिहायचं राहिलं का, विचारलं. "नाई. तिथं वाचनाऱ्यानं पानी प्याचं." मी तिथे पाणी प्यालो, आणि खरं सांगतो, त्या विहिरीचं पाणी इतकं गोड आधी कधी लागलं नव्हतं.

मग कुठूनसं त्यांनी मुठीएवढं रेकॉर्डर मिळवलं. तेव्हापासून त्यांचा वेष ठरून गेला: डोक्याला दुपट्टा, दुपट्ट्यावर हेडफोन, खांद्याला दोन थैल्या, आणि काठीला बांधलेला माइक, त्यावर वारा लागू नये म्हणून मेहुणीच्या जुन्या स्वेटरची बाही. माझ्या दुकानात येऊन ते जळक्या मोटारीची घरघर टिपून घ्यायचे. आवाजावरून बेअरिंग गेलंय की वाइंडिंग, हे मला ओळखता येतं. साडू त्या मोटारीने किती माणसांना पाणी पाजलं असेल तेही ओळखायचे. त्यांच्याशी बोलणं मात्र अवघड झालं. तुम्ही घरचं काही सुखदुःख सांगत असावं आणि त्यांनी बोट वर करावं, "थांबा, पुन्हा म्हना." गावात दोन चुलतभावांचं धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, चौदा वर्षांचं भांडण होतं. एका सकाळी ते भर चौकात जुंपलं आणि थोरल्याने धाकट्याच्या तीन पिढ्यांचा उद्धार करणारी एक शिवी हासडली. साडू माइक घेऊन पुढे झाले. "दादा, मधात वारा आला. तेवढी पुन्हा द्या, पन तोंड जरा इकडे करून." थोरल्याने घसा साफ केला. पहिल्यांदा आवाज बारीक निघाला. दुसऱ्यांदा मधली पिढी विसरली. तिसऱ्यांदा त्याला हसू आलं, आणि ते पाहून धाकट्याला. गावच्या तंटामुक्ती समितीला चौदा वर्षांत जमलं नव्हतं ते असं मिटलं, आणि साडू मात्र चांगली शिवी हातची गेली म्हणून दिवसभर उदास होते.

कॅमेरा आल्यावर तर कहर झाला. एका सकाळी त्यांनी तिपाई नेऊन एका धुऱ्यावर रोवली, तिच्यावर कॅमेरा लावला आणि स्वतः बाभळीखाली बसून राहिले. पायवाटेवरून माणूस कसा येतो, एवढंच त्यांना बघायचं होतं. पण आमच्या मुलखात धुऱ्यावर तिपाई दिसली की तिचा एकच अर्थ होतो. दुपारपर्यंत गावभर झालं की मोजणीवाले आले, रस्ता जाणार. माणसं सातबारे घेऊन वावराकडे पळाली. एकाने पूर्वी रातोरात शेजाऱ्याच्या वावरात सरकवलेला हद्दीचा दगड दिवसाढवळ्या गुपचूप मूळ जागी नेऊन ठेवला आणि तो नेताना कॅमेऱ्यात सापडला. "काय मोजून राह्यले बे कवी?" सरपंचाने विचारलं. "मानूस लहानाचा मोठा होत होत येते, ते पाहून राह्यलो," साडू म्हणाले. सरपंच बराच वेळ कॅमेऱ्याच्या मागे उभे राहिले आणि निघून गेले. दगडवाल्याची चित्रफीत साडूंनी कुणाला दाखवली नाही. कवीने चुगली करू नये, असं त्यांचं म्हणणं.

आता त्यांच्या मोठ्या कामाकडे येतो. आमच्या भागात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नकार्यात उखाण्यातून घेते तेवढंच. घरात असला तर 'अहो'वर भागतं, पण नवरा तीन वावरं पलीकडे असला आणि भाकर तव्यावरून उतरली असली, तर 'अहो' म्हटल्याने प्रत्येक वावरातला नवरा वळून बघेल. म्हणून थोरल्या लेकराच्या नावाने हाक जाते. माझं दुकान आणि घर यांच्या मधात आमचं दोन एकर वावर आहे, आणि माझी बायको घराच्या ओट्यावरून "ओऽऽ पिंकीचे बाबाऽऽ" अशी हाक द्यायची, ती थेट माझ्या पान्ह्यापर्यंत यायची. साडूंच्या मते ही हाक म्हणजे जगातली सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत पुरी कविता. "पाहा साडूभाऊ, नाव न घेता नाव आहे, लेकरू आहे, भाकर आहे, अन् उशीर केला त्याचा रागही आहे. मी सात भिंती रंगवल्या, मले हे जमलं नाई." आणि मोबाइल आल्यापासून ही कविता बंद पडत चालली होती. आमच्याच घरी मिस्ड कॉल सुरू झाला होता: दोन रिंगा म्हणजे जेवण, तीन म्हणजे पाहुणे. साडूंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी घरात कुणी गेल्यासारखी मान खाली घातली.

त्यांनी हाका गोळा करायला घेतल्या. सुटीच्या दिवशी सायकल, नाहीतर बस. रोहिणखेडपासून लोणारपर्यंत एक गाव सोडलं नाही. अनोळखी बाईला जाऊन 'नवऱ्याला हाक मारून दाखवा' म्हणायचं म्हणजे मार खायचीच तयारी. पण साडू आधी त्या घरच्या नळाची गळकी तोटी दुरुस्त करून द्यायचे, मग पाणी मागायचे, मग हळूच विचारायचे. बायका लाजायच्या, पदराआड हसायच्या आणि शेवटी ओट्यावर उभ्या राहून अशी काही हाक द्यायच्या की रानातून तो खरोखर यायचा. साडू तो येतानाचं चित्र घ्यायचे. एका गावात एका म्हातारीला मूलबाळ नव्हतं. ती नवऱ्याला बैलाच्या नावाने हाक मारायची. "ओऽऽ राज्याऽऽ!" की नवऱ्याने समजायचं, भाकर झाली. साडूंनी हाक टिपली आणि नीट आली का बघायला तिथेच लहान स्पीकरवर लावली. दहा मिनिटांत दावं तोडून राज्या अंगणात हजर, आणि मागून धापा टाकत म्हातारा.

हा किस्सा साडूंनी आमच्या घरी जेवताना रंगवून सांगितला. सगळे हसलो. मेहुणी मिरच्यांची देठं खुडत होती. ती हसत हसत म्हणाली, "आमच्या घरी तं बैलही नाई." मग मात्र कुणाला हसता आलं नाही.

कारण साडू आणि मेहुणी, या दोघांनाही मूल झालं नाही. दवाखाने झाले, नवस झाले, मग दोघांनी तो विषय झाकून ठेवला. मेहुणीने साडूंना कधी हाकच मारलेली नव्हती. कुणाच्या नावाने मारणार? जेवणाची वेळ झाली की ती चप्पल घालायची आणि ते जिथे असतील तिथे चालत जायची. कधी दोन वावरं, कधी पार नाल्यापलीकडे. हेडफोन लावलेल्या साडूंना पावलांचा आवाजही यायचा नाही. ती समोर येऊन उभी राहायची, ते हेडफोन काढायचे आणि दोघं परत निघायचे. सगळ्या बायका ओट्यावरून ओरडतात, ही एकटी उन्हातून चालत जाते, याचं मला फार वाटायचं. पण ज्या माणसाने शेकडो हाका जमवल्या त्याला स्वतःला आयुष्यात एकही आली नव्हती, आणि ती एकच त्याला हवी होती, हे माझ्या टाळक्यात फार उशिरा शिरलं. तुम्ही ते आताच ध्यानात ठेवा.

हाकांचं काम कुठूनसं कुणाच्या तरी पाहण्यात आलं आणि साडूंना पुण्याच्या एका कलादालनातून बोलावणं आलं. तुम्हाला वायरी समजतात, असं म्हणून साडूंनी मला सोबत नेलं. अंधार केलेली खोली, मोठा पडदा. एकेक हाक ऐकू यायची, तिची अक्षरं पडद्यावर हाकेबरोबर लांबत जायची, आणि दूरवरून पायवाटेने एकेक माणूस तिळाचा ज्वारीएवढा, ज्वारीचा माणसाएवढा होत यायचा. मी यातल्या बऱ्याच बायकांना ओळखत होतो, त्यांच्या माणसांच्या मोटारी भरल्या होत्या, तरी माझे डोळे भरून आले. चांगले चांगले लोक खुर्चीच्या कडेवर आले होते. एका गृहस्थांनी मधेच विचारलं, ही भाषा कोणती? साडू म्हणाले, मराठी. गृहस्थ म्हणाले, ते कळलं, पण मूळ कोणती? साडू म्हणाले, "मूळच." मला त्यांनी आधी बजावलं होतं, "काही झालं तं झालं, बटनाले हात लावू नका." शेवटची हाक झाली. पडद्यावर एक लांबच लांब धुरा आला, त्याच्या टोकाला पाठमोरा एक बारका माणूस, आणि आवाज साफ बंद. पाच सेकंद झाले, दहा झाले. माझ्या धंद्यात चालती मोटार एकाएकी गप्प झाली की ती जळाली असं समजतात. माझा हात आपोआप गेला. बटन दाबलं आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परत आरंभाकडे येणं फार अर्थपूर्ण होतं, असं एका बाईंनी मला मुद्दाम येऊन सांगितलं.

साडू वायरी गुंडाळत राहिले. परतीच्या बसमध्ये मेहकरच्या अलीकडे मीच विचारलं की ते शेवटचं काय होतं. "वीस सेकंदांची जागा," ते खिडकीकडे बघत म्हणाले. "तिची. तिकडे उभा आहे तो मी." मला बसमधून उतरून चालत जावंसं वाटलं. मी म्हटलं, अहो, मग तिला एकदा म्हणा ना, हाक मार. तेव्हा साडूंनी माझ्याकडे पाहिलं. "मागून घेतली तं नुसता आवाज येते साडूभाऊ, हाक नाई येत." तिला या जागेविषयी सांगितलंत का? नाही म्हणाले. तिने ते काम अजून पाहिलंच नव्हतं. त्यांनी दाखवलं नव्हतं आणि तिने मागितलं नव्हतं. पुढचा सगळा रस्ता मी स्वतःच्या उजव्या हातावर डावा हात ठेवून बसलो होतो.

पुण्याच्या पेपरात फोटो आला तसं गावाला एकदम कळलं की आपल्याकडे कवी आहे. सरपंचांनी सत्कार ठरवला. संत्री भरायच्या शेडला ताडपत्र्या लावून दुपारी तीन वाजता अंधार केला, चादरींचा पडदा केला. ज्यांच्या हाका होत्या त्या बायका नव्या लुगड्यांत पुढे बसल्या, मेहुणीही त्यांच्यात, बाजारातून थेट आलेली, रिकामी टोपली मांडीशी घेऊन. साडू स्पीकरजवळ हेडफोन लावून बसले. माझ्याकडे यंत्र, आणि एक जबाबदारी जास्तीची: गावातल्या बायका काय म्हणतात, कशा हसतात, ते टिपण्यासाठी रेकॉर्डरचं लाल बटन दाबायचं. बाकी कशालाही हात लावायचा नाही. मी दोन्ही हात सरळ मांड्यांखाली घातले.

हाका सुरू झाल्या आणि शेडमध्ये हशा पिकला. "अव माय, माया आवाज असा आहे का?" एक बाई किंचाळली. पंधरा मिनिटांत दारातली ताडपत्री बाजूला झाली आणि आसपासच्या वावरांतले, सत्काराला न आलेले सात-आठ जण विळे घेऊन आत आले. "काय झालं? कोन गेलं?" "कोनी नाई, बसा." आपल्याला घरून बोलावणं आलं असं समजून ते काम टाकून पळत आले होते. साडूंना इतकं खुश मी कधी पाहिलं नव्हतं. मग राज्याची हाक झाली. आणि मग धुरा आला, त्याच्या टोकाला तो बारका पाठमोरा माणूस, आणि आवाज बंद.

"लाइन गेली का?" कुणीतरी म्हणालं. "बंद पडलं वाटते." माझ्या बाजूच्या म्हाताऱ्याने मला ढोसलं, "दाबा नं बटन!" मी हातांवर सगळा भार टाकून बसलो. मेहुणी पडद्याकडे बघत होती. उन्हातून जाऊन रोज ज्याच्यासमोर उभं राहायचं त्याची पाठ दुसरं कोण ओळखणार! तिने टोपली बाजूला ठेवली आणि उठून उभी राहिली. पदर सारखा केला, वावरातल्या बाया धरतात तसा हात तोंडाशी आडवा धरला.

"ओऽऽ कवीऽऽ! या घरी! भाकर निवून राह्यलीऽऽ!"

तो आवाज आधी चिरका निघाला, कधीच न वापरलेला, मग वर चढला आणि पत्र्याला जाऊन लागला. एकही माणूस हसला नाही. ज्या शब्दावरून गाव पंधरा वर्षं त्या माणसाला चिडवत होतं, तो तिने गावाकडून काढून घेतला, त्या दिवशी पिशवीतून वांगी काढून घेतली होती तसा. हेडफोनमधून साडूंना किती ऐकू आलं मला माहीत नाही, पण ते ताडकन उठले. पडद्यावरचा माणूस तसाच पाठमोरा उभा, आणि खरा माणूस "हाव! आलो!" असं वावरातून ओरडावं तसं ओरडत, माणसं ओलांडत, वायरी तुडवत निघालेला. त्यांच्या पायात अडकून माझा प्लग निघाला आणि पडदा अंधारला. दोघं ताडपत्री उचलून बाहेर पडली, पुढे ती, मागे ते, आणि खरोखर घरी जाऊन जेवायला बसली. सरपंच शाल-नारळ घेऊन उभेच राहिले. शेवटी आभारप्रदर्शन आधी उरकलं.

गर्दी पांगल्यावर मी रेकॉर्डर हातात घेतलं. लाल बटन मी दाबलंच नव्हतं. हात मांड्यांखालून काढलेच नव्हते ना! तसाच साडूंच्या घरी गेलो. साडू जेवत होते, मेहुणी वाढत होती. मी सांगितलं. साडूंचा घास हातातच राहिला. मी मेहुणीला म्हटलं, बाई, माझं चुकलं, एकदा फक्त पुन्हा हाक मार, दोन सेकंद. तिने भाकरीवर ठेचा घातला आणि म्हणाली, "पुन्हा कायले, भाऊजी? आले नं ते." मी साडूंकडे पाहिलं. 'थांबा, पुन्हा म्हना' म्हणून जन्मभर ज्यांनी लोकांना पिडलं, त्या माणसाने घास तोंडात घातला आणि म्हणाला, "राहू द्या साडूभाऊ. बसा, जेवा."

म्हणून ती जागा अजून रिकामीच आहे. साडूंचं काम आता कुठल्या कुठल्या शहरांत जातं, यंत्रापाशी मी असतो, आणि त्या शांततेवर विद्वान लोक जे बोलतात ते मी ऐकून घेतो. मला आणि त्या शेडमधल्या माणसांना तिथे काय ऐकू येतं ते कुणाला सांगून पटायचं नाही. मध्यंतरी मलाही खूळ लागलं. जेवणाच्या वेळी मी फोन बंद करून वावराच्या टोकाला उभा राहू लागलो. तिसऱ्या दिवशी बायको तणतणत आली, "फोन काऊन बंद आहे? किती येळ वाट पाह्याची?" मी म्हटलं, आधीसारखी हाक मारायची. तिने घराच्या ओट्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "पिंकी नांदायले गेली तवापासून तिचं नाव मोठ्यानं निंगत नाई माह्या तोंडातून." आणि मी इतकी वर्षं उगाच मोबाइलला शिव्या देत होतो.

हे मी साडूंना सांगितलं. त्यांनी रेकॉर्डर काढलं नाही की पुन्हा म्हणा म्हटलं नाही. तिपाई खांद्यावर घेऊन मला त्याच धुऱ्यावर घेऊन गेले. आता त्यांच्या कामात शेवटी चाळीस सेकंदांची जागा आहे आणि धुऱ्याच्या टोकाला दोन माणसं पाठमोरी उभी असतात. त्यातला जरा जाड आहे तो मी.